मुक्काम मार्चपर्यंत

झाडाखालची पाटी वाचल्याशिवाय मला झाड बघवत नाही. ही माझी जुनी खोड. तालुक्याच्या दस्तनोंदणी कार्यालयात एकतीस वर्षं कारकुनी केली. तिथे आधी समोरचा कागद वाचायचा आणि मग माणसाचं तोंड बघायचं, अशी जी सवय लागली ती लागलीच. त्यामुळे त्या शनिवारी सकाळी न्यू जर्सीतल्या त्या बागेत लेक सगळ्यात पुढे, जावई बाबागाडी ढकलत तिच्या मागे, आणि मी प्रत्येक बुंध्याशी वाकून तिथली इवलीशी पत्र्याची पाटी वाचत शेवटी, अशी आमची वरात चालली होती.

"आई, अगं वर पानं बघ ना! पाट्या काय वाचत बसलीयस?" लेक ओरडली.

"नाव कळल्याशिवाय काय बघू?" मी म्हटलं. "दहा दिवसांनी घरी गेले की आजी विचारेल तुझी, कसली झाडं होती म्हणून. तिला काय सांगू, लाल होती?"

तेव्हा लेकीनं जावयाकडे पाहिलं आणि जावयानं बाबागाडीच्या चाकाकडे. मला ते दिसलं, पण मी त्याचा काही अर्थ लावला नाही. चाकात काहीतरी अडकलं असेल, असं वाटलं.

बाग मात्र दृष्ट लागण्यासारखी होती, त्यात खोट काढायची नाही. एका बाजूला मेपलची रांग, कुंकवासारखी लाल, दुसरा शब्दच नाही. पलीकडे गिंकोचं एकच थोराड झाड, वरपासून खालपर्यंत पिवळंधमक, आणि खाली गवत दिसू नये इतका सडा. गर्दीही चिक्कार, आणि त्यातली निम्मी आपलीच. बायका त्या थंडीत साड्या नेसून, पानांच्या मुठी हवेत उधळून फोटो काढून घेत होत्या. एक आपल्यातलाच बाप्या फोटोत पानं पडताना दिसावीत म्हणून फांदी गदागदा हलवत होता, आणि हिरवं जाकीट घातलेली बागेची म्हातारी स्वयंसेविका त्याला गोड शब्दांत नको-नको म्हणत होती. मलाही लेकीनं मोरपिशी साडी नेसवली होती. त्यावर जावयाचं जाड जाकीट, पायात लेकीचे बूट. फोटोपुरतं जाकीट काढायचं आणि बूट निऱ्यांखाली लपवायचे, असा हुकूम होता.

मी एप्रिलमध्ये आले होते, लेकीच्या बाळंतपणाला. इथे आपल्या लोकांत आजीपणाची वाटणी ठरलेली असते. पहिले सहा महिने मुलीच्या आईचे, पुढचे सहा मुलाच्या आईचे. विमानतळावर उतरताना इथे राहायची मुदत साधारण सहा महिन्यांची मिळते, म्हणून वाटणीही तशीच. एक आजी उतरते, दुसरी चढते. आयसेलिनच्या ओक ट्री रोडवर किराणा घ्यायला गेलं की तिथे भेटणारी प्रत्येक बाई आधी हेच विचारते, "तुमचे सहा महिने कधी संपतात?" जेलमधल्यांनी एकमेकांना विचारावं तसं, असं मी एकदा हसत म्हटलं, तर लेक दोन दिवस रुसून बसली होती.

माझे सहा महिने दिवाळीच्या आठ दिवस आधी संपत होते. माझ्या आधी दोन दिवस नागपूरहून विहीणबाई येणार, त्यांच्या हातात बाळ द्यायचं आणि मी निघायचं, असं ठरलेलं. ती तारीख मला तोंडपाठ होती, ती माझ्यासाठी नाही, माझ्या आईसाठी.

माझी आई चौऱ्याऐंशी वर्षांची. वडील गेल्यापासून नऊ वर्षं माझ्याकडेच राहत होती. आमचं घर तळमजल्याचं, समोर एवढंसं अंगण. सकाळी पायरीवर बसून ती डाळ निवडायची, दूधवाल्याशी दुधातल्या पाण्यावरून भांडायची, गल्लीतल्या येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाची चौकशी करायची. मी इकडे निघाले तेव्हा तिला कुठे ठेवायचं हा प्रश्न आला. आमच्या ह्यांना स्वतःचा चहा धड करता येत नाही, ते तिचं काय करणार! म्हणून ती पुण्याला माझ्या भावाकडे गेली. भाऊ वाईट नाही. भावजय तर उलट काकणभर जास्तच करते. पण दोघं सकाळी आठला घराबाहेर पडतात ते संध्याकाळी उशिरा येतात. घर सातव्या मजल्यावर. दाराला ते नंबरांचं कुलूप. आईला ते उघडता येत नाही, आणि उघडून तरी जाणार कुठे? दिवसभर बाल्कनीच्या जाळीतून खाली बघत बसते बिचारी.

निघताना तिनं माझा हात धरला आणि विचारलं, "दिवाळी कुठे?"

"आपल्या घरी. मी येते आणि तुला घेऊन जाते."

"शब्द दे."

दिला शब्द. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला शब्द देणं ही काय साधी गोष्ट असते? तिच्यापाशी ही नाही तर पुढची, पुढची नाही तर त्याच्या पुढची, असा दिवाळ्यांचा साठा थोडाच असतो! दर रविवारी मी फोन करायचे आणि ती आधी एकच शब्द बोलायची, "कधी?" मी तारीख सांगायचे. मग पुढचं बोलणं. शेवटच्या दोन रविवारी मात्र तिनं विचारलं नाही. बाळाला दात आले का, तिकडे थंडी पडली का, एवढं विचारून तिनं फोन भावाच्या हातात दिला. मला वाटलं, रमली तिथे. बरं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, थोडं वाईटही वाटलं.

तर त्या दिवशी गिंकोखाली फोटो चालले होते. मी जाकीट काढून, बाळाला कडेवर घेऊन, थंडीनं कुडकुडत हसत होते. तेवढ्यात इथल्या मराठी मंडळातली एक बाई लांबूनच हात हलवत आली. लेकीहून दहाएक वर्षांनी मोठी असेल. गणपतीत मी तिला एकशेएक मोदक वळून दिले होते, तेव्हाची ओळख.

"काकू! किती बरं झालं बाई तुम्ही राहताय ते," ती म्हणाली. "मार्चपर्यंत ना? मग संक्रांतीचं हळदीकुंकू ह्या वेळी तुमच्या हाताखाली करायचं, मी ठरवूनच टाकलंय."

"कोण राहतंय?" मी विचारलं.

"हे काय, काकू!" ती हसली. "तुमचंच एक्स्टेन्शन केलंय ना? हिनंच ग्रुपवर टाकलं होतं, आई मार्चपर्यंत आहे, त्यानंतरचं डे-केअर कुणाला माहीत असेल तर सांगा म्हणून. मीच तर नंबर दिला हिला." मग तिचं लक्ष माझ्या लेकीच्या चेहऱ्याकडे गेलं. "अगंबाई, मुलं कुठे गेली बघते हं," असं म्हणून ती जी सटकली, ती परत दिसली नाही.

मी लेकीकडे वळले. "काय म्हणाली ती?"

"आई, आपण घरी जाऊन बोलू ना."

"इथेच बोल."

"प्लीज आई, सीन नको ना करू. सगळे बघतायत."

"बघू देत! मंडळाला माहीत, मोदकवालीला माहीत, तर आता ह्या झाडांनाही कळू दे!" माझा आवाज चढला होता. हिरव्या जाकिटातली म्हातारी फांदीवाल्याला सोडून आमच्याकडे बघायला लागली.

जावई पुढे झाले. एरवी भिडस्त माणूस, आवाज कधी वर नाही. "आई, ॲक्चुअली आम्ही आज सांगणारच होतो. म्हणूनच इथे आलो. जरा छान वातावरणात, शांतपणे बोलावं..."

ते ऐकलं आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा सगळा घाट त्यासाठी! सहा महिन्यांत मला धड एक बाग दाखवायला ह्यांना सवड झाली नव्हती. आठवडाभर चाललं होतं, आई फॉल, म्हणजे ही पानगळ, बघूनच जा, आई साडी कुठली नेसतेस, आई आपण तुझा मस्त फोटो काढू. मी बापडी हुरळून गेले होते. लेकीला आईची हौस करावीशी वाटतेय म्हणून आदल्या रात्री डबा भरताना माझे डोळे भरून आले होते. आणि ह्यांना तर फक्त मला गोडीगुलाबीनं गप्प बसवायला जागा हवी होती.

मग एकेक बाहेर यायला लागलं. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन जुलैमध्येच ठरलं होतं, त्या येणारच नव्हत्या. डे-केअरमध्ये जागा मार्चशिवाय नाही. लेकीची रजा संपलेली, सोमवारपासून ऑफिस. ह्यातलं एक अक्षर मला माहीत नव्हतं, आणि मी त्याच घरात, त्याच ओट्याशी रोज दोन वेळा पोळ्या लाटत उभी होते.

"आणि माझं तिकीट?"

"बदललं," जावई म्हणाले. "पंधरा दिवस झाले."

तिकीट त्यांच्या फोनमध्ये. मला कळणार कसं?

"आणि माझी मुदत संपतेय त्याचं काय? बेकायदा राहू मी इथे?"

"नाही नाही, आई. एक्स्टेन्शनचा फॉर्म ऑगस्टमध्येच पाठवला आपण. तुम्ही सही केलीत ना."

मला आठवलं. मी कणीक मळत होते. जावई दोन-तीन कागद घेऊन स्वयंपाकघरात आले आणि म्हणाले, "आई, दोन सह्या हव्या होत्या. ते इन्शुरन्सचं वगैरे." मी हात पुसले, त्यांनी बोट ठेवलं तिथे सही केली आणि परत परातीकडे वळले. वाचलं नाही. जावयानं पुढे केलेला कागद सासूनं त्याच्यासमोर वाचत बसायचं? म्हणजे तुमच्यावर विश्वास नाही, असं तोंडावर सांगण्यासारखंच की ते! आमच्यात असं कुणी करत नाही. जावयाला पाट द्यायचा, सुग्रास जेवायला घालायचं आणि त्यानं दाखवलं तिथे सही करायची. ऑफिसात एकतीस वर्षं मी काउंटरपलीकडच्या बायकांवर ओरडत आले, "बाई, वाचून घ्या, वाचता येत नसेल तर वाचून दाखवणारा आणा." मुलं म्हाताऱ्या आयांना रिक्षात घालून आणायची, त्यांचा अंगठा धरून शाईत बुडवायची. त्या म्हणायच्या, "माजाच ल्योक हाय की, वाचायचं काय त्यात?" तेव्हा मला त्यांची कीव यायची, आणि रागही यायचा. त्या सगळ्या बायका त्या दिवशी एकदम डोळ्यांपुढे आल्या.

"इन्शुरन्स म्हणाला होतात तुम्ही," मी म्हटलं.

"एक इन्शुरन्सचाच होता," जावई खाली बघत म्हणाले. तेही खरंच असणार.

मी लेकीला विचारलं, "मला विचारलं का नाहीस?"

 ती म्हणाली, "कारण तू नाही म्हणाली असतीस."

"म्हणजे माझं उत्तर तुला माहीत होतं."

"हो."

"माहीत होतं, म्हणून विचारलं नाहीस."

तिचे डोळे वाहायला लागले. "मग मी काय करू, आई? जॉब सोडू? आता सोडला तर परत कोण घेणारेय मला? आजीकडे मामा आहे, मामी आहे, मदतीला बाई आहे. माझ्याकडे इथे कोण आहे, सांग ना!"

हेही खोटं नव्हतं. खोटं असतं तर मला सोपं गेलं असतं. बाळानं तेवढ्यात एक पिवळं पान तोंडात घातलं होतं. मी बोट घालून ते बाहेर काढलं, त्याची लाळ पदराला पुसली आणि त्याला जावयाच्या हातात दिलं.  ह्या बाळाला पहिली अंघोळ मी घातली. रात्र-रात्र पायांवर घेऊन बसले. मार्चपर्यंत राहायला माझ्या जिवावर आलं असतं असं नाही. मला जर जुलैमध्ये समोर बसवून सांगितलं असतं, आई, अशी अडचण आहे, तर मी आरडाओरडा केला असता, मग भावाशी बोलले असते, आईशी बोलले असते, काहीतरी मार्ग काढला असता. दिवाळीपुरती जाऊन परत आले असते. पण माझ्याशी बोलायची गरजच कुणाला वाटली नाही. घरातला मिक्सर कुणी विचारतं का, बाबा रे, अजून चार महिने चालशील का म्हणून?

"तुझ्या बाबांना माहीत आहे?" मी विचारलं.

लेकीनं पुन्हा जावयाकडे पाहिलं.

मी जाकीट तसंच हातात धरून बाजूच्या बाकावर बसले आणि ह्यांना फोन लावला. तिकडे रात्रीचे साडेआठ वाजले असतील. मागे टीव्हीच्या बातम्या चालू होत्या.

"अहो, मी मार्चपर्यंत राहतेय हे तुम्हाला माहीत होतं?"

टीव्हीचा आवाज बंद झाला. "कळलं का तुला?" हे म्हणाले. "अगं, पोरीचा संसार आहे. ती रडायला लागली फोनवर. मी म्हटलं, तुला आधीपासून सांगून जिवाला घोर कशाला लावायचा. माझी काळजी करू नकोस, मी डबा लावलाय."

मागच्या आठवड्यात ह्यांनी मला मुद्दाम विचारलं होतं, थंडीचे कपडे पुरेसे आहेत ना म्हणून. मी मैत्रिणीसमोर त्याचं कौतुक केलं होतं, बघ, ह्या वयात माझी काळजी करायला लागले!

"तुम्हीसुद्धा?" मी म्हटलं. "केसानं गळा कापलात हो माझा. पोर लहान आहे, तिला नाही कळलं. तुम्हाला कळत नव्हतं, मी आईला काय सांगून आलेय?"

"आईंचं मी बघितलं ना. तुझ्या भावाला सांगितलं, त्यानं त्यांना नीट समजावलं."

"काय समजावलं?"

"हेच, की तू स्वतःच राहायचं ठरवलंयस. नाहीतर त्यांच्या मनाला लागलं असतं ना, की आपल्या मुलीला तिकडे अडकवून ठेवलंय."

 दिलेला शब्द मी मोडला, असं माझ्या आईला सांगितलं गेलं होतं, तेही तिच्या मनाला लागू नये म्हणून! पंधरा दिवस ती हे मनात धरून बसली होती. दोन रविवार माझ्याशी बोलली, बाळाचे दात विचारले, थंडी विचारली, आणि "कधी?" विचारलं नाही. आणि मी इकडे म्हणत होते, रमली.

फोन ठेवला आणि भावाला लावला. त्याला म्हटलं, तुझ्याशी नंतर भांडते, आधी आईला दे. त्यानं निमूटपणे दिला.

"आई, मी येतेय," मी म्हटलं. "दिवाळीला येतेय."

"कुठे येतेस? मार्चपर्यंत राहणार ना तू?" आवाज अगदी साधा होता.

"ते मी नाही ठरवलं, आई. मला आत्ता कळलं. इथे बागेत उभी असताना कळलं."

 तिकडे कुकरची शिट्टी झाली.

"आई, देवाशपथ सांगते, मला माहीत नव्हतं."

"बरं," ती म्हणाली.

हे "बरं" मला ठाऊक आहे. दूधवाला शपथ घेऊन सांगायचा ना, आजी, एक थेंब पाणी घातलं असेल तर, तेव्हा ती त्याला हेच म्हणायची.

"मी काय म्हटलं का तुला?" ती पुढे म्हणाली. "लेक आहे, नात आहे. तुझं तिकडे कोण नाही असं थोडंच आहे. पण एक ऐक. मला मन आवरायला पंधरा दिवस लागले. आता पुन्हा आशा लावू नकोस." आणि तिनं फोन भावाच्या हातात देऊन टाकला.

मी तिथेच बसून रडले. चारचौघांत, मोरपिशी साडीत, लेकीच्या बुटांत, हमसून हमसून रडले. फोटोवाल्या बायका मुलांना घेऊन दुसऱ्या झाडाकडे सरकल्या. लेक आली, तिनं ते जाकीट माझ्या खांद्यावर घातलं. मी ते झटकून टाकलं. तिला इतकं तोडून मी आयुष्यात कधी वागले नव्हते.

"माझं तिकीट करा," मी जावयाला म्हटलं. "आज. आत्ता. इथे उभं राहून. नाहीतर ओक ट्री रोडवर तिकिटाचं दुकान आहे, मी तिथे जाऊन बसते."

त्यांनी तिथेच फोन काढला. आधीच्या तारखेचं विमान भरलं होतं, त्यानंतरचं मिळालं, दिवाळीच्या चार दिवस आधीचं.  पुढचे दिवस मी सगळं केलं, बाळाचं, स्वयंपाकाचं, चकल्यांची भाजणीसुद्धा करून ठेवली, पण लेकीशी कामापुरतंच बोलले. तिनं ऑफिसात रडून-भेकून घरून काम करायची सवलत मिळवली, बाळाला सांभाळायला शेजारच्या गल्लीतली एक गुजराती मावशी मिळाली. म्हणजे निघत होता मार्ग! विमानतळावर लेक गळ्यात पडून रडली, तेव्हा मी तिला जवळ घेतलं. राग होता तो होताच, पण लेक ती लेक.

मुंबईला उतरले आणि घरी न जाता तशीच गाडी करून पुण्याला गेले. आई खुर्चीत बसली होती, वेणी घातलेली, साडी नीटनेटकी. मी तिच्या पाया पडले आणि म्हटलं, "चल आई. गाडी खाली उभी आहे."

"आलीस? बस," ती म्हणाली. "चहा घेशील ना?"

"चहा घरी जाऊन घेऊ. चल."

"दिवाळी इथेच करते मी. ह्यांनी सगळं आणलंय."

मी खूप बोलले. भावाला तिच्यासमोर उभं करून वदवून घेतलं, की ताईला माहीत नव्हतं. तो बिचारा कान पकडून बोलला. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि त्याला म्हणाली, "असू दे रे. आता कशाला तो विषय." मग मला बाळाचे फोटो दाखवायला सांगितले. ते तिनं एकेक करून पाहिले, कौतुकही केलं. माझी गाडी दोन तास खाली थांबली आणि मी एकटी परत गेले.

दिवाळी झाल्यावर तिला न्यायला पुन्हा गेले. संक्रांतीला तिळगूळ घेऊन गेले. दर वेळी ती चहाचं विचारते, प्रवास कसा झाला विचारते. भांडली असती तर किती बरं झालं असतं! दोन शिव्या घातल्या असत्या, मी ऐकल्या असत्या, उलट चार बोलले असते, आणि मग आम्ही दोघी रडून मोकळ्या झालो असतो. पण ती मला काही म्हणतच नाही. डोकं तिचं अजून खणखणीत आहे, कुणाला वाटायचं वय झालंय म्हणून. कामवालीनं मागल्या महिन्यात किती खाडे केले, खालच्या मजल्यावरच्या पोराची परीक्षा कधी आहे, सगळं तिला पाठ असतं.

गेल्या महिन्यात मी तिच्यापाशी बसले होते. समोरच्या फ्लॅटमध्ये नवीन आलेली एक तरुण बाई वाटी परत द्यायला आली. माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "आजी, ह्या कोण?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. चांगलं नीट पाहिलं.

"ही माझी मुलगी," ती म्हणाली. "अमेरिकेत असते."

"अय्या, हो का!" ती बाई म्हणाली आणि माझ्या शेजारीच बसली. तिकडे थंडी फार असते का हो, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, "हो, फार असते."